धर्मशाळेचा निवाडा गोंदियात चालतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. तिथले दोन सख्खे भाऊ तुमच्या ओळखीचे. हिवाळ्यात नागपुरात स्वेटरचं दुकान लावायचं, लुधियानाहून माल उधारीवर उचलायचा, हंगाम संपला की हिशेब करायचा, असा दोघांचा सामाईक धंदा. वडील गेल्यावर हिशेब फिसकटला. धाकटा म्हणतो, “धर्मशाळेला आमचं कोर्ट आहे, तिथे केस टाकतो.” थोरला म्हणतो, “टाक. तिथला कागद गोंदियाच्या कोर्टात कोण विचारतो?” तुम्हाला जाणून घ्यायचंय की हिमाचलातल्या धर्मशाळेत, म्हणजे तिबेटी निर्वासित प्रशासन जिथे आहे तिथे, असं कोर्ट खरंच आहे का, भारतात ते चालतं कसं, आणि या दोघांत बरोबर कोण.

थोरल्याचा कायदा कच्चा आहे आणि धाकट्याला घाई झालीय. तो कागद गोंदियात चालू शकतो, पण तो कसा तयार झाला त्यावर सगळं अवलंबून आहे. मी लवादाची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या त्रयस्थापुढे वाद सोडवण्याची, कामं करतो. त्यात तिबेटी व्यापाऱ्यांच्या चार-दोन फायली हाताखालून गेल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नावापासून सुरुवात करू, कारण निम्मी गोष्ट नावातच आहे. तिबेटी भाषेत कायद्याला ‘ठिम’ म्हणतात आणि घराला ‘खांग’. कोर्ट म्हणजे ठिमखांग. धर्मशाळेच्या या संस्थेने मात्र स्वतःला ठिमशिपखांग म्हणवून घेतलंय. ‘शिप’ म्हणजे बारकाईने तपासणं. इंग्रजीतही त्यांनी कोर्ट म्हटलं नाही, ‘सुप्रीम जस्टिस कमिशन’ म्हटलं, आणि बसणाऱ्यांना न्यायाधीश न म्हणता न्याय आयुक्त. एक मुख्य आयुक्त आणि दोन आयुक्त, असे तिघं. १९६३ साली दलाई लामांनी भावी स्वतंत्र तिबेटसाठी घटनेचा मसुदा जाहीर केला, त्यात सर्वोच्च न्यायालय होतं. पुढे १४ जून १९९१ रोजी निर्वासित संसदेने सनद (निर्वासितांच्या कारभाराची घटनाच म्हणा) मंजूर केली. ती परक्या भूमीवर राहणाऱ्या लोकांसाठी होती, आणि तिच्यात न्यायालयाच्या जागी आयोग आला. दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहणारा माणूस दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावतो, पण वाड्याचं नाव बदलत नाही. तसंच हे आहे. भारतात समांतर न्यायालय उभं करता येत नाही याचं भान त्या नावात आहे, असं मी समजतो. ११ मार्च १९९२ रोजी हा आयोग सुरू झाला.

त्याआधी काय होतं? जुन्या तिबेटात न्यायखातं वेगळं असं नव्हतंच. जिल्ह्याच्या गढीला ‘झोंग’ म्हणत आणि तिथला अधिकारी झोंगपोन. सारा वसूल करणारा तोच आणि तंटे ऐकणारा तोच. आपल्याकडच्या जुन्या मामलेदारासारखा म्हणा. कायद्याच्या संहिता होत्या, पाचव्या दलाई लामांच्या काळातली तेरा कलमांची संहिता तर प्रसिद्धच आहे. पण साधी माणसं गढीपर्यंत जाण्याआधी ‘बारमी’ गाठत. बारमी म्हणजे मधला माणूस. दोघांनाही मान्य असलेला कुणी वडीलधारा मध्ये बसायचा, कागद व्हायचा, आणि एकमेकांच्या गळ्यात खता, म्हणजे तो पांढरा रेशमी पट्टा, घालून उठायचं. १९५९ नंतर भारतात वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा लोकांनी सोबत आणली ती ही सवय. कर्नाटकात बायलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी, आणि आपल्याकडे १९७२ च्या सुमारास गोठणगावची नोर्ग्येलिंग. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ साली, म्हणून ही वसाहत अजूनही भंडारा याच नावाने ओळखली जाते. तुमच्या त्या भावांच्या जुन्या कागदांवर भंडारा दिसला तर गोंधळून जाऊ नका.

आता कायद्याकडे येऊ. आयोग स्थापन झाला तेव्हा भारतात १९४० चा लवाद कायदा होता. त्या कायद्यात लवादाने दिलेला निवाडा आधी कोर्टात नेऊन त्यावर हुकूमनामा करून घ्यावा लागे. म्हणजे जिंकलेल्याची पायपीट निवाड्यानंतर सुरू व्हायची. १९९६ साली नवा लवाद व समेट कायदा आला आणि त्याच्या कलम ३६ ने ती मधली पायरी काढून टाकली. आव्हानाची मुदत सरली आणि कोर्टाने स्थगिती दिलेली नसली, की निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. त्याच १९९६ साली निर्वासित संसदेने आयोगासाठी तीन संहिता मंजूर केल्या: न्यायव्यवस्थेची, दिवाणी प्रक्रियेची आणि पुराव्याची. ही वर्षं जुळली ती ठरवून की योगायोगाने, हे मला सांगता येणार नाही, पण सांधा मात्र चपखल बसला. कारण त्याच भारतीय कायद्याचं कलम १९ सांगतं, की लवाद मंडळाला आपली दिवाणी प्रक्रिया संहिता किंवा पुरावा कायदा बंधनकारक नाही, पक्षकारांनी मान्य केलेली कुठलीही पद्धत चालेल. म्हणजे धर्मशाळेत तिबेटी संहितेप्रमाणे, तिबेटी भाषेत, साक्षीपुरावा घेऊन दिलेला निवाडा भारतीय कायद्याच्या चौकटीत चक्क बसतो. एक गोष्ट मात्र विसरली जाते. कलम २८ प्रमाणे दोन्ही पक्ष भारतातलेच असतील, तर निकाल भारतीय कायद्याला धरूनच द्यावा लागतो. पद्धत तिबेटी चालेल, पण देणं-घेणं कुणाचं किती हे ठरवताना करार कायदा आणि भागीदारी कायदा आपलेच.

हे सगळं उभं आहे ते एका कागदावर. कलम ७ म्हणतं, लवादाचा करार लेखी पाहिजे. आपण तिबेटी आहोत, आपल्या हातात हिरवं पुस्तक आहे (निर्वासित प्रशासनाला स्वेच्छेने वर्गणी देणाऱ्यांचं नोंदपुस्तक), आपण सनद मानतो, एवढ्यावर माझ्या मते तुमच्या वादापुरती लेखी संमती सिद्ध होत नाही. ‘हा अमुक वाद आम्ही आयोगापुढे लवाद म्हणून सोपवतो आणि निवाडा मान्य करू’ असं दोघांनी सही करून लिहून द्यायला हवं. वाद उभा राहिल्यावर लिहून दिलेलंही चालतं. माझ्याकडे आलेल्या एका फायलीत दोन्ही बाजू सुनावणीला हजर, कैफियत दिलेली, साक्षी झालेल्या, निवाडाही लागलेला. पण सोपवणुकीचा कागद सापडेना. त्यातून आम्ही सुटलो ते कलम ७ मधल्याच एका वाटेने: एकाने लेखी निवेदनात करार असल्याचं म्हटलं आणि दुसऱ्याने उत्तरात ते नाकारलं नाही, तरी करार धरला जातो. पण ही वाट अरुंद आहे. त्या भरवशावर निघू नये.

आयोगाच्या खाली विभागीय आणि स्थानिक अशा आणखी दोन पातळ्या आहेत. स्थानिक पातळीवर हे काम बहुधा वसाहत अधिकाऱ्याकडेच येतं. इथे मला खटकतं ते सांगतो. वसाहत अधिकारी हा धर्मशाळेच्या गृहखात्याचा माणूस. घरांच्या, जमिनीच्या वाटपाच्या नोंदी त्याच्या कार्यालयात. म्हणजे गढीतला झोंगपोन मागच्या दाराने परत आला की! वस्ती लहान, माणसं मोजकी, स्वतंत्र न्यायाधीश ठेवायचा कुठून, ही अडचण मला समजते. पण वाद जमिनीच्या वाटपाचा असेल आणि त्याच कार्यालयाच्या नोंदीवर बोट ठेवायचं असेल, तर निवाडा पुढे कोर्टात अडखळू शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवादाच्या निःपक्षपातीपणाबद्दल कायदा फार कडक झालाय. पैशाच्या हिशेबाला ही अडचण सहसा येत नाही.

काय चालत नाही तेही पाहू. मारहाण, चोरी, फसवणुकीचा गुन्हा, यातलं काही आयोग हाताळत नाही. त्यासाठी पोलीस ठाणं आणि आपली फौजदारी न्यायालयं. घटस्फोटाचा हुकूम, मुलांचा ताबा, मृत्युपत्र शाबीत करणं, या बाबी भारतात कुठलाच लवाद ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बूझ ॲलनच्या निकालात ही यादीच घालून दिलीय. नवरा-बायकोतला पैशाचा, भांड्याकुंड्याचा हिशेब मात्र लवादापुढे जाऊ शकतो. तिसरा माणूसही त्यात ओढता येत नाही. तुमच्या भावांच्या वादात लुधियानाचा ठोक व्यापारी आला, तर तो ना तिबेटी, ना त्याने कुठे सही केली. त्याची उधारी तो नेहमीच्या कोर्टातच वसूल करणार.

तुम्ही शेवटी हळूच विचारलंय, “म्हणजे ही जातपंचायतच झाली ना?” प्रश्न रास्त आहे, आणि महाराष्ट्रात तर तो विचारायलाच हवा. जातपंचायतीपुढे माणूस उभा राहतो तो वाळीत पडायच्या भीतीने, आणि त्याविरुद्ध आपल्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराचा कायदा करावा लागला. इथे लेखी संहिता आहे, कारणं देऊन लिहिलेला निकाल आहे, वरची पायरी आहे, आणि नको असेल त्याला भारतीय कोर्टाचा दरवाजा उघडा आहे. जवळची तुलना हवी असेल तर दारुल कझाची, म्हणजे शरियतप्रमाणे वाद ऐकणाऱ्या मुस्लिम समाजाच्या संस्थांची, घ्या. २०१४ साली विश्व लोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशा संस्था बेकायदा नाहीत, पण त्यांच्या मताला कायद्याची सक्ती नाही. मानायचं तर मानावं. आयोग त्याच्या एक पायरी पुढे आहे, कारण त्याने लवाद कायद्याचा हात धरलाय. उद्या कुणी वसाहतीत ‘केस भारतीय कोर्टात नेलीस तर तुझ्या घरी कुणी येणार नाही’ असं म्हणालं, तर मात्र तो बहिष्काराचाच प्रकार, आणि मी त्याच्या विरुद्ध बाजूने उभा राहीन. आपली तंटामुक्त गाव समिती आठवा. चांगली चालली तिथे लोकांनी आपणहून तंटे मिटवले, आणि जिथे बक्षिसासाठी सह्या घेतल्या तिथे तेच तंटे वर्षभरात तालुक्याच्या कोर्टात आले.

आयोगाकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही, जप्ती करणारा बेलीफ नाही. मग लोक निकाल मानतात का? बहुतेक वेळा मानतात, कारण भारतातले एक लाखाच्या आतले हे लोक (२००९ च्या त्यांच्याच पाहणीत सुमारे ९४ हजार) एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. उद्या मुलाचा शाळाप्रवेश, परवा कुणाचं लग्न, तेरवा पुन्हा नागपूरच्या बाजारात शेजारचाच गाळा. पण सगळ्यांत ताकदवान माणसाविरुद्ध निकाल गेला तर? दोन उदाहरणं जाहीर आहेत, तीच देतो.

पेन्पा त्सेरिंग हे वॉशिंग्टनमधले निर्वासित प्रशासनाचे प्रतिनिधी. २०१७ च्या अखेरीस काशागने, म्हणजे मंत्रिमंडळाने, त्यांना पदावरून काढलं आणि कारणं जाहीर केली. त्यांनी २०१८ साली थेट मंत्रिमंडळाविरुद्ध आयोगाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि काशागला जाहीर माफी मागावी लागली. हाताशी एकही बेलीफ नसताना सरकारला माफी मागायला लावली, याचं मला वकील म्हणून आजही अप्रूप वाटतं.

दुसरं उदाहरण उलटं. कोविडमुळे सप्टेंबर २०२० चं संसद अधिवेशन स्थायी समितीने घेतलं नाही. आयोगाने स्वतःहून दखल घेतली, ते सनदेविरुद्ध ठरवलं आणि समितीच्या अकरा सदस्यांच्या मतदानाच्या हक्कावरच घाला घातला. संसद चिडली. २५ मार्च २०२१ रोजी तिने तिन्ही आयुक्तांना पदावरून दूर केलं. दोन महिने सर्वोच्च आयोग आयुक्तांविना! २४ मे रोजी आयुक्तांनी सांगितलं, की आम्हाला काढण्याची रीत सनदेला धरून नव्हती, आम्ही पदावरच आहोत. तीन दिवसांनी, २७ मे रोजी, नव्या सिक्योंगना, म्हणजे निर्वासित प्रशासनाच्या निवडून आलेल्या प्रमुखांना, शपथ दिली ती मुख्य आयुक्त सोनम नोर्बू दाग्पो यांनीच. आणि हे नवे सिक्योंग कोण? तेच पेन्पा त्सेरिंग. पण नव्या ४५ जणांच्या संसदेत फूट पडली. ज्यांना आपल्याच आधीच्या सभागृहाने काढलं त्यांच्या हातून सुरू होणारी शपथ घ्यायची कशी, यावर गाडं अडलं, आणि सगळ्यांची शपथ व्हायला ८ ऑक्टोबर उजाडला.

चूक कुणाची, यावर तिबेटी मित्रांशी माझे वाद झालेत. माझं मत असं, की दोन्ही बाजूंना एक खांब गेल्याचं लक्षात आलं नव्हतं. २०११ पर्यंत सगळ्यांच्या वर दलाई लामा होते. त्या वर्षी त्यांनी राजकीय अधिकार सोडले आणि सनद बदलली. घरातला आजोबा उठून गेला, पण नातवंडं अजून तो बसलाय असं समजूनच एकमेकांवर हात उगारत होती. आयोगाचंही मला चुकलं वाटतं: साथीच्या वर्षातल्या निर्णयासाठी लोकप्रतिनिधींच्या मतदानावर जाणं म्हणजे वहीतल्या चुकीला वही फाडण्याची शिक्षा. पण यातून तुमच्या भावांच्या हिशेबाला धोका आहे असं समजू नका. तो भांडणाचा मजला वेगळा. पैशाच्या निवाड्यामागे संसद नाही, भारताचा लवाद कायदा उभा आहे.

आता त्या दोघांनी काय करावं.

पहिलं काम सोपवणुकीचा कागद. त्यात वाद कोणत्या वर्षांच्या हिशेबाचा, लवादाचं ठिकाण कुठलं, आणि भाषा कोणती, हे तिन्ही लिहा. ठिकाणाला फार महत्त्व आहे. ‘धर्मशाळा’ लिहिलं तर निवाड्याला आव्हान द्यायला थोरल्याला कांगडा जिल्ह्याच्या कोर्टात जावं लागेल, आणि मुदत तीन महिने, फार तर वर तीस दिवस. वसुलीची दरखास्त मात्र जिथे मालमत्ता आहे तिथे थेट लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलंय. म्हणजे पैसा नागपूरच्या बँकेत असेल तर दरखास्त नागपुरात. “गोंदियात कोण विचारतो” म्हणणाऱ्या थोरल्याला हे सांगा. न विचारता बसला, तर खातं गोठेल तेव्हा त्याला बँकेकडूनच कळेल.

दुसरं, नावं. यात किती दिवस जातात ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. तिबेटी लोकांना आडनाव नसतं, आणि दलाई लामांनी स्वतःच्या नावातलं ‘तेन्झिन’ इतक्यांना दिलंय की एका वसाहतीत शंभर तेन्झिन सापडतील. इंग्रजीत त्याच नावाच्या शेवटी कुणी एक अक्षर जास्त लावतं, कुणी नाही. परदेशी नागरिक म्हणून मिळालेलं नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे आर.सी. म्हणतात, त्यावर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, हिरव्या पुस्तकात तिसरं. दरखास्तीत समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो: हा तो नव्हेच. म्हणून सोपवणुकीच्या कागदावरच आर.सी. क्रमांक, बापाचं नाव आणि ‘उर्फ’ लावून सगळी स्पेलिंगं लिहून टाका.

तिसरं, तारखा. तिबेटी कागदावर कधीकधी त्यांचं राजवर्ष असतं, आपल्या इसवी सनात १२७ मिळवून येतं ते. २०२३ म्हणजे २१५०. दिवाणी कोर्टातला कारकून २१५० बघून कागद परत करणार, त्याचा काय दोष. इसवी तारीख शेजारी लिहायला सांगा. निवाड्याचा प्रमाणित अनुवाद करून घ्या. तिबेटी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, प्रत्येक उच्चारखंडानंतर नुसतं टिंब असतं, त्यामुळे आकडा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की वाचणारा चुकतो. अनुवादात प्रत्येक रक्कम अक्षरी हवी. आणि निवाड्यावरचा मुद्रांक विसरू नका. मुद्रांक नाही म्हणून पडून राहिलेले चांगले निवाडे मी पाहिलेत.

वसाहतीतलं घर या कागदात घालू नका. ती जमीन शासनाकडून वसाहतीला मिळालेली, दोघा भावांच्या नावचा सातबारा नव्हे. कोण कोणत्या खोलीत राहणार हे त्यांनी वसाहत कार्यालयातच, बारमी बसवून, तोंडी-लेखी ठरवावं. धंद्याचा हिशेब वेगळा, घर वेगळं.

आणि हे सगळं करायच्या आधी एक छोटं काम उद्याच करा. वडिलांच्या हातची जी उधारीची वही आहे, ती सध्या कुणा एकाच्या ट्रंकेत असणार. दोघांना समोर बसवून तिच्या प्रत्येक पानाचे फोटो काढा, शेवटच्या पानावर दोघांची सही आणि तारीख घ्या. ऑक्टोबरात लुधियानाचा माल निघाला की दोघंही पाच महिने गाळ्यावर असतील, आणि वही तेवढ्या काळात कुठे जाईल हे कुणी सांगावं.